नागपूर : नावांखाली दडलेले शहर

विदर्भातल्या कुठल्याही गावात जा, धंतोली हे नाव ऐकले नाही असे घर क्वचितच सापडेल. यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया, अमरावती, इतकेच काय पण छिंदवाडा आणि बालाघाटहूनही, डॉक्टरांनी "आता नागपूरला न्या" असे सांगितले की गाडी बहुधा धंतोलीतच येऊन थांबते. गल्लीगल्लीत दवाखाने, त्यांच्या खाली औषधांची दुकाने, बाजूला तपासणीच्या लॅब आणि फुटपाथवर एक्स-रेचे मोठे लिफाफे हातात धरलेली माणसे. रक्त सकाळी दिलेले असते, रिपोर्ट संध्याकाळी पाचला मिळणार असतो. रुग्णाजवळ एकजण थांबतो आणि बाकीचे बाकावर बसून घड्याळ बघतात.

मी या भागाच्या जवळच राहते, शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. गावाकडून दवाखान्यासाठी आलेले नातेवाईक मला हमखास विचारतात, "बाजी, तोपर्यंत इथे बघण्यासारखे काय आहे?" पूर्वी मी मॉलचे नाव सांगून मोकळी होत असे. आता त्यांना रिक्षात बसवते आणि एक तलाव, एक दरवाजा, एक टेकडी आणि एक खांब दाखवून आणते. या जागा सगळ्यांच्या रोजच्या रस्त्यावर आहेत. त्यांच्या पाट्यांवरची नावे मात्र नवी आहेत. प्रत्येक पाटीच्या खाली आणखी एक नाव आहे, आणि बहुतेक वेळा त्याच्याही खाली एक.

धन, धान आणि तकिया

सुरुवात धंतोलीपासूनच करू. वर्गात या नावाचा अर्थ विचारला की निम्मी मुले म्हणतात, "धन! कारण इथे श्रीमंत लोक राहतात." उरलेली म्हणतात, "धान! कारण इथे भाताची शेती असेल." उत्तराचा दुसरा भाग सोपा आहे. टोली म्हणजे वस्ती, वाडी. धंतोलीला लागूनच कुंभारटोली आहे. कुंभारांची टोली ती कुंभारटोली, हे समजायला शिक्षक लागत नाही.

इंग्रजांच्या काळातल्या पत्त्यांवर या भागाचे नाव वेगळे दिसते : क्रॅडॉक टाऊन. सर रेजिनाल्ड क्रॅडॉक हे मध्य प्रांताचे चीफ कमिशनर होते. त्यांच्या नावाने आखीव रस्त्यांची, बंगल्यांची ही नवी वसाहत ओळखली जाऊ लागली. साहेब गेले, बंगल्यांचे दवाखाने झाले आणि जुने 'टोली'चे नाव पुन्हा वर आले. आज क्रॅडॉक टाऊन म्हटले तर रिक्षावाला दोनदा विचारेल.

याच धंतोलीत तकिया नावाची वस्ती आहे. तकिया म्हणजे उशी, एवढे आपल्या घरातले लहान मूलही सांगेल. पण उर्दूत या शब्दाचा दुसरा अर्थ आहे आधार, आणि तिसरा अर्थ फकिराचे ठिकाण. जिथे एखादा फकीर झोपडी बांधून राहिला, जिथे वाटसरूला पाणी आणि सावली मिळाली, बहुधा जवळपास काही कबरीही असल्या, त्या जागेला लोक तकिया म्हणत. हिंदुस्थानातल्या कितीतरी जुन्या शहरांत तकिया आहेत. पाठ टेकायला मिळते ती उशी आणि जीव टेकायला मिळतो तो तकिया. लांबून उपचारासाठी आलेली माणसे जिथे दिवसचे दिवस काढतात, त्या भागात हे नाव असावे, हे मला नेहमी फार योग्य वाटते.

बुलंद नशिबाचा राजा

पुढे जाण्याआधी या शहराच्या संस्थापकाची ओळख करून घ्यावी लागेल, कारण पुढचा प्रत्येक थांबा त्यांच्यापाशी किंवा त्यांच्या घराण्यापाशी पोहोचतो.

आजच्या छिंदवाडा जिल्ह्यात देवगड नावाचा डोंगरी किल्ला आहे. तिथे गोंड राजांचे राज्य होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस गादीसाठी घरात भांडण लागले आणि एक राजपुत्र मदत मागायला औरंगजेबाच्या दरबारात गेला. १६८६ च्या सुमारास त्याने इस्लामचा स्वीकार केला, त्याला गादी मिळाली आणि नवे नावही मिळाले : बख्त बुलंद. बख्त म्हणजे नशीब, बुलंद म्हणजे उंच. उंच नशिबाचा.

पण हा राजा दिल्लीचा होयबा होऊन राहिला नाही. बादशहा दख्खनच्या लढायांत अडकलेला पाहून त्याने बंड केले आणि मोगलांचा मुलूख लुटायला सुरुवात केली. त्यावर संतापलेल्या औरंगजेबाने सैन्य पाठवले, आणि जुन्या इतिहासात नोंद आहे की त्याबरोबर एक फर्मानही काढले : यापुढे याला बख्त बुलंद म्हणायचे नाही, निगूंबख्त म्हणायचे. निगूं म्हणजे उलटा, खाली तोंड केलेला. उलट्या नशिबाचा! शब्दसमूहाबद्दल एक शब्द शिकवताना मी ही गोष्ट सांगते आणि मुले मनापासून हसतात. बादशहाला मुलूख परत मिळवण्याइतकीच घाई नाव परत घेण्याची होती.

फर्मानातले नाव कागदावरच राहिले. आज नागपुरात त्यांचा पुतळा आहे, आणि त्याखाली बख्त बुलंद शाह हेच नाव आहे.

१७०२ च्या सुमारास या राजाने नाग नदीच्या काठावरच्या बारा लहान वस्त्या एकत्र करून शहर वसवले. त्या वस्त्यांना राजापूर बारसा म्हणत. शहर वसवायचे म्हणजे नुसत्या भिंती बांधून भागत नाही, माणसे लागतात. बख्त बुलंद शाहांनी शेतकरी, कारागीर आणि व्यापारी बाहेरून बोलावले. त्यात हिंदू होते, मुसलमान होते. जमिनी दिल्या, बाजार भरवले. नागपूरचा पहिला नागरिक कोण, असे कुणी विचारले तर खरे उत्तर हेच आहे की तो बोलावून आणलेला पाहुणा होता.

जुम्मा तलाव

धंतोलीतून रेल्वेरुळांच्या पलीकडे गेले की कॉटन मार्केटच्या गर्दीनंतर एकदम मोकळे पाणी दिसते. पाटीवर लिहिले आहे गांधीसागर. मध्ये छोटे बेट आहे, त्यावर बाग आहे आणि समोरच रमण विज्ञान केंद्र आहे, म्हणून मुलांना घेऊन येणाऱ्यांची इथे नेहमी वर्दळ असते. वयस्क रिक्षावाल्याला मात्र गांधीसागर म्हणून पाहा. "म्हंजे जुम्मा तलाव ना, मॅडम?" असे तो विचारील. तिसऱ्या एखाद्या माणसाला हेच पाणी शुक्रवारी तलाव म्हणून माहीत असते.

एका तलावाची ही तीन नावे. हा तलाव बख्त बुलंद शाहांचे वारस चांद सुलतान यांच्या काळातला. त्यांनी देवगड सोडून नागपूरला राजधानी केली, शहराभोवती सुमारे तीन मैलांची भिंत घातली आणि पाण्याची सोय म्हणून हा तलाव बांधला. जुम्मा आणि शुक्रवार हा एकच दिवस, फक्त भाषा दोन. नागपूरला वारांच्या नावांची हौसच आहे. इतवारी, सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिचरी अशा वस्त्या आणि बाजार इथे आहेत. त्यामुळे जुम्मा तलावाचा शुक्रवारी तलाव झाला तेव्हा कुणाला वावगे वाटले नसेल. नाव बदलले असे म्हणण्यापेक्षा नावाचे भाषांतर झाले, असे म्हणू.

या तलावाची आणखी एक गोष्ट पारशी समाजातून आलेली आहे. जमशेदजी टाटांना कापड गिरणी काढायची होती. मुंबई सोडून ते नागपुरात आले, कारण कापूस इथला, वरोऱ्याचा कोळसा जवळ आणि माल खपायला बाजारही होता. गिरणीसाठी त्यांनी जुम्मा तलावाजवळची दलदलीची जमीन स्वस्तात घेतली आणि भराव घालायला सुरुवात केली. एका स्थानिक सावकाराकडे भांडवल मागितले तेव्हा त्याने हात वर केले. हा माणूस खड्ड्यात सोने ओतून वर माती टाकतो आहे, याला कोण पैसे देणार, असे त्याचे म्हणणे होते. पुढे गिरणी जोरात चालली तेव्हा त्याच सावकाराने कबूल केले की टाटांनी जमिनीत सोने घातलेच नव्हते, त्यांनी माती घातली आणि सोने काढले.

गिरणी सुरू झाली १ जानेवारी १८७७ रोजी. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले, म्हणून गिरणीचे नाव एम्प्रेस मिल. कामगारांसाठी १८८६ मध्ये निवृत्ती निधी आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई देणारी ही गिरणी होती. देशात असे कायदे येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. मोमीनपुऱ्यातल्या, इतवारीतल्या कितीतरी घरांत आजोबा-पणजोबांच्या बोलण्यात 'एंप्रेस'चा भोंगा यायचा. गिरणी बंद पडली, तिच्या जमिनीवर मॉल उभा राहिला. पण गंमत पाहा, मॉलच्या नावात ती सम्राज्ञी अजून आहे. मॉलमध्ये फिरणाऱ्या किती मुलांना ठाऊक असेल की आपण एका दलदलीवर, एका भोंग्यावर आणि आपल्याच पणजोबांच्या घामावर उभे आहोत?

दरवाजा जो तोफांनाही उघडला नाही

तलावापासून महालाकडे गेले की रस्त्याच्या मधोमध एक भक्कम दगडी दरवाजा लागतो. पाटी : गांधी गेट. जुने नाव : जुम्मा दरवाजा. म्हणजे शहरातल्या दोन्ही 'जुम्मां'ना पुढे गांधीजींचे नाव मिळाले. महात्म्याचे नाव कुणाला नकोसे असणार? पण नवी पाटी वाचताना जुनी आठवण पुसून टाकण्याचे काही कारण नाही, कारण या दरवाजाने फार मोठा दिवस पाहिला आहे.

नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकड्यांवर अप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य आणि इंग्रज यांची लढाई झाली. शाळेच्या पुस्तकात ती दोन दिवसांत संपते. प्रत्यक्षात पुढचा महिना बाकी होता. भोसल्यांच्या फौजेत अरब शिपाई होते. समुद्रापलीकडून आलेले, पगारावर लढणारे, पण शब्दाला पक्के. डिसेंबरच्या मध्यावर अप्पासाहेब इंग्रजांच्या स्वाधीन झाले तरी या शिपायांनी शस्त्रे ठेवायला नकार दिला आणि शहरात, राजवाड्याच्या परिसरात ठाण मांडले. इंग्रजांनी जुम्मा दरवाजावर तोफा लावल्या. २४ डिसेंबर १८१७ रोजी हल्ला केला, आणि तो परतवला गेला. शेवटी बोलणी झाली. बायकामुले आणि सामान घेऊन सुरक्षित जाऊ द्यायचे, या अटीवर ३० डिसेंबरला ते शहराबाहेर पडले. राजाने हार मानल्यावर राजाच्या शहरासाठी दोन आठवडे लढणाऱ्या या परदेशी माणसांची आठवण सांगणारा इथे फक्त हा दरवाजा आहे.

जवळच महालात गोंडराजाचा किल्ला आहे. १७३९ मध्ये चांद सुलतान वारले, वारसांत तंटा झाला आणि राणी रतनकुंवर यांनी वऱ्हाडातून रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावले. मदतीला आलेले रघुजी १७४३ पासून इथलेच झाले. पण त्यांनी गोंडराजाला हाकलून दिले नाही. बुऱ्हाण शाहांची गादी त्यांनी नावाला कायम ठेवली, त्यांना नेमणूक बांधून दिली. जुन्या इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून ठेवले आहे की नवा भोसला राजा गादीवर बसताना त्याच्या कपाळी टिळा लावण्याचा मान मुसलमान गोंडराजाचा असे आणि काही महसुली कागदांवर त्याचा शिक्का लागत असे. एका शहरात दोन राजे : एकाचे राज्य आणि दुसऱ्याचा शिक्का.

याच महाल भागात १७ मार्च २०२५ रोजी हिंसाचार झाला. वाद औरंगजेबाच्या कबरीवरून पेटला होता. शहराच्या बऱ्याच भागांत काही दिवस संचारबंदी होती, शाळा बंद होत्या. शाळा सुरू झाल्यावर आठवीतल्या एका मुलीने मला विचारले, "मॅडम, आपण नागपूरला केव्हा आलो?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती, भीती होती. कुणीतरी तिला सांगितले होते की आपण बाहेरचे.

मी तिला उत्तर दिले नाही, फळ्यावर एक यादी लिहिली. बख्त बुलंद शाह देवगडहून आले. रघुजी भोसले वऱ्हाडातून आले. मोमीनपुऱ्याचे विणकर उत्तरेकडून आले. जमशेदजी टाटा मुंबईहून आले. अरब समुद्र ओलांडून आले. मग वर्गाला विचारले, "आता सांगा, यातले बाहेरचे कोण?" वर्ग बराच वेळ गप्प होता. मग तीच मुलगी म्हणाली, "मॅडम, मग तर सगळेच बोलावलेले आहेत." आणि ज्या बादशहाच्या नावावरून ही आग लागली, त्याच बादशहाशी या शहराचा मुसलमान संस्थापक लढला होता, हे त्या दिवशी वर्गातल्या बहुतेक मुलांनी पहिल्यांदाच ऐकले.

नऊ माणसांची एक कबर

धंतोलीतून उत्तरेला पाहिले की सीताबर्डीची टेकडी दिसते. नावाबद्दल आख्यायिका अशी की शीतलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद या दोन गवळी भावांच्या नावावरून शीतलाबद्री आणि त्याचे पुढे सीताबर्डी झाले. आमच्याकडे मुरमाड, पडीक जमिनीला बरड म्हणतात, हेही ही आख्यायिका ऐकताना लक्षात असू द्यावे.

टेकडीवरचा किल्ला १८१७ च्या लढाईनंतर इंग्रजांनी बांधला. आज तो सैन्याच्या ताब्यात आहे आणि २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला लोकांसाठी खुला होतो. त्या दिवशी तिथे जाणाऱ्यांनी एक कबर जरूर पाहावी. ती नऊ यार्ड लांब आहे. लोक तिला नवगज अली बाबा म्हणतात.

पंजाबपासून दख्खनपर्यंत अनेक गावांत 'नौगजा पीर' आहेत. लांबलचक कबर आणि तिच्याखाली नऊ गज उंचीचा बुजुर्ग, अशी त्यांची कथा असते. नागपूरची कथा त्यांहून वेगळी आणि जास्त जड आहे. १८५४ मध्ये इंग्रजांनी भोसल्यांचे राज्य खालसा केले. जून १८५७ मध्ये टाकळीच्या छावणीतल्या घोडदळाने उठावाचा बेत केला. शहरातून रात्री आकाशात आगीचे फुगे सोडायचे आणि ती खूण दिसताच घोडे जोडायचे, असे ठरले होते. बेत आधीच फुटला, फुगे उडालेच नाहीत. धरपकड झाली आणि नवाब कादर अली आणि त्यांच्या आठ साथीदारांना किल्ल्याच्या तटावर फाशी देण्यात आली. नऊ माणसांसाठी नऊ यार्डांची एकच कबर. नवाब कादर अली हे टिपू सुलतानांचे नातू होते, असे इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते.

कथेत उंची एका माणसाची वाढवली जाते, इथे लांबी नऊ माणसांची आहे. मी मुलांना एवढेच सांगते की चमत्काराची गरजच नाही. प्रत्येक यार्डाखाली एक घर उजाडलेले आहे, हे आठवले तरी हात आपोआप दुआसाठी उठतात.

याच किल्ल्यात गांधीजींची कोठडीही दाखवतात. १० एप्रिल ते १५ मे १९२३ या काळात त्यांना इथे कैदेत ठेवले होते, असे सांगितले जाते आणि बऱ्याच ठिकाणी छापलेलेही आहे. पण गांधीजींच्या चरित्रातल्या तारखा पाहिल्या तर हे जुळत नाही. मार्च १९२२ मध्ये त्यांना शिक्षा झाली, त्यानंतर ते पुण्याच्या येरवडा तुरुंगात होते. जानेवारी १९२४ मध्ये त्यांच्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया ससून रुग्णालयात झाली आणि फेब्रुवारीत सुटका झाली. १९२३ मध्ये नागपुरात घडला तो झेंडा सत्याग्रह. तिरंगा घेऊन चालणारे शेकडो सत्याग्रही इथे पकडले गेले. त्या तुरुंगवासाची आठवण आणि सर्वांत मोठे नाव लोकांच्या मनात एकत्र आले असावे. मी ही गोष्ट मुद्दाम सांगते, कारण आपल्याला न आवडणाऱ्या दंतकथा तपासायला सगळेच तयार असतात. आवडणाऱ्याही तपासता आल्या पाहिजेत. नाहीतर आपण सांगतो त्या खऱ्या गोष्टींवर तरी कुणी का विश्वास ठेवावा?

झिरो माईल : मध्यबिंदू कशाचा?

धंतोलीजवळच्या काँग्रेसनगर स्थानकातून मेट्रोत बसले की दुसरे स्थानक झिरो माईल. बाहेर आल्यावर चार घोडे आणि दगडी खांब दिसतो. इथे फोटो काढणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, "हा भारताचा मध्यबिंदू." मध्य प्रदेशात कटनी जिल्ह्यातल्या करौंदी गावचे लोक हाच मान आपल्या गावाला देतात.

इथल्या दगडाचे खरे काम वेगळे आणि माझ्या मते जास्त थोर आहे. १९०७ मध्ये सर्वेक्षण खात्याने इथे उंची मोजण्याची प्रमाण खूण बसवली. समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. शेजारच्या खांबावर हैदराबाद, जबलपूर, चांदा अशा गावांची अंतरे कोरलेली आहेत. ज्या महासर्वेक्षणाची ही खूण, ते १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन यांनी सुरू केले. हैदराबादहून नागपूरकडे येताना २० जानेवारी १८२३ रोजी ते हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. नागपूर त्यांना पाहायला मिळाले नाही. याच सर्वेक्षणात पुढे आर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन यांनी नाव काढले. परदेशातून आलेली नाजूक मोजमाप यंत्रे बिघडली की ती दुरुस्त करणारा हा कारागीर अखेर सर्वेक्षणाचा यंत्रनिर्माता झाला. हिमालयाची उंची मोजणाऱ्या साहेबांची नावे शिखरांना मिळाली. यंत्र नीट चालवणाऱ्या हाताचे नाव आपण तरी मुलांना सांगावे.

खांबाजवळच गोवारी स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी आपल्या हक्कांसाठी आलेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी बांधव मेले. त्यांत बायका आणि मुले बरीच होती. फोटो काढणाऱ्यांपैकी फार थोडे तिकडे वळतात.

वेड्यांच्या दवाखान्यातला बुजुर्ग

ताजबागचा पत्ता कुणाला सांगावा लागत नाही. कामठीत १८६१ मध्ये जन्मलेले आणि १७ ऑगस्ट १९२५ रोजी वफात पावलेले बाबा ताजुद्दीन यांची दर्गा उमरेड रोडला आहे. तिथे येणाऱ्यांत सगळ्या धर्मांची माणसे असतात. पण त्यांच्या आयुष्यातली सोळा वर्षे, १८९२ ते १९०८, नागपूरच्या वेड्यांच्या दवाखान्यात गेली, हे नव्या पिढीला कमी माहीत आहे. सरकारने ज्याला वेडा ठरवून आत ठेवले, त्याला भेटायला बाहेर रांगा लागत. शेवटी भोसले घराण्यातले राजे रघुजीराव यांनी २,००० रुपयांचा जामीन देऊन त्यांना सोडवले आणि सक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात आणून ठेवले, असे सांगतात. आजही उर्साचा संदल त्या मनोरुग्णालयापर्यंत जातो.

दर्ग्यांविषयी आपल्या घराघरांत वेगवेगळी मते आहेत. त्यात मला शिरायचे नाही. मला या गोष्टीतला क्रम महत्त्वाचा वाटतो. एका मुसलमान गोंडराजाने टिळा लावून ज्यांना राजा मानले, त्या घराण्याच्या वारसाने दीडशेहून अधिक वर्षांनी एका मुसलमान फकिराला आपल्या वाड्यात जागा दिली. शहराचे देणेघेणे असे फार जुने असते.

पाट्या आणि आठवणी

स्पेनमध्ये ग्वादलकिविर नावाची नदी आहे. नाव मोठ्याने म्हणून पाहा, त्यात 'वादी अल-कबीर' ऐकू येईल, म्हणजे मोठी दरी, मोठी नदी. राजधानी माद्रिदचे जुने अरबी नाव मजरीत. सेव्हिल शहरातल्या कॅथेड्रलचा घंटाघराचा मनोरा ११९८ मध्ये पुरा झाला तो मशिदीचा मिनार म्हणून. घंटा नंतर चढल्या. त्या देशातून मुसलमान जाऊन शतके झाली, तरी नावांतून त्यांची चाहूल जात नाही. तिथली माणसे आज त्या नावांना आपलीच मानतात आणि जगभरच्या प्रवाशांना अभिमानाने दाखवतात.

आपण तर कुठे गेलेलोच नाही. इथेच आहोत. तरी आपल्या मुलांना जुम्मा दरवाजा माहीत नाही, नवगज अलींची नऊ माणसे माहीत नाहीत आणि शहर वसवणाऱ्या राजाचे नाव परीक्षेपुरते माहीत आहे. यात पाटी बदलणाऱ्याचा दोष शोधण्यात अर्थ नाही. पाटी सरकारची असते, आठवण घरची असते.

नागपूरला येण्याचा योग आला तर अर्धा दिवस हाताशी ठेवा. सकाळी जुम्मा तलाव, तिथून जुम्मा दरवाजा आणि गोंडराजाचा किल्ला, दुपारनंतर झिरो माईल. उन्हाळ्यात येणार असाल तर सकाळी नऊच्या आत फिरून घ्या, आमच्या उन्हाची कुणी परीक्षा घेऊ नये. आणि नागपूरला येणे झाले नाही तरी हरकत नाही. हा खेळ कुठल्याही गावात खेळता येतो. आपल्या गल्लीचे, विहिरीचे, मोहल्ल्याचे, ईदगाहकडे जाणाऱ्या रस्त्याचे नाव मुलांना वहीत लिहायला सांगा. मग दादी-नानीला, शेजारच्या आजोबांना विचारायला पाठवा : याच्या आधी याला काय म्हणायचे? आणि त्याच्याही आधी?

पण लवकर विचारा. पाटी रंगवायला एक दिवस लागतो. जुने नाव मात्र ते सांगणाऱ्या माणसाबरोबर एका रात्रीत निघून जाते.